लस आणि संमती

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बरीच वर्षे जातात. म्हणूनच लसीने हा आजार रोखण्याची उत्तम संधी शाळकरी वयात, विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी असते. ‘इतक्या लवकर कशाला?’ या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत पुढे या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, असे २०२४ मधील अभ्यास सांगतो.

लसीच्या सुरक्षिततेचा आणि संमतीचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एचपीव्ही लसीकरण प्रकल्प २०१० मध्ये थांबवला गेला. तेथे लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले होते; त्यांचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण काही ठिकाणी पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. हा दोष लसीचा नव्हे, पण क्षुल्लकही नव्हे. लसीकरण थांबवण्याच्या त्या निर्णयामुळे बार्शी-पुण्यासह अनेक केंद्रांवरचा दुसरा अभ्यासही अर्धवट राहिला आणि अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढील पाहणीत तीही प्रभावी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्याला अशाच पुराव्यांचे बळ होते. एका मात्रेने खर्च आणि खेपा वाचतात. पालकांशी बोलण्याचे श्रम मात्र वाचवू नयेत. लस सर्व प्रकारच्या एचपीव्हीपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे प्रौढ स्त्रियांची तपासणीही चालूच राहायला हवी. शास्त्राने आपले काम केले आहे. विश्वास कमावण्याचे काम आरोग्ययंत्रणेचे आहे.