घरचे मडके आणि अबकारीचा दंडा

चार-पाच किलो सातूचा मॉल्ट, मूठभर हॉप्स, यीस्टची एक पुडी, एक मोठे पातेले, झाकणातून वायू निसटण्यापुरती नळी बसविलेला एक डबा आणि एक तापमापक. घरच्या घरी वीस लिटर बिअर करावयाची तर याहून फारसे काही लागत नाही. हे साहित्य पणजी-मडगावच्या एखाद्या घरात दिसले, तर शेजारी कौतुकाने चव मागतील. तेच सुरत जिल्ह्यातील पलसाण्यात दिसले, तर दारात पोलिसांची गाडी उभी राहील. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे कलम ६५ गुजरातेत आजही लागू आहे, आणि त्या कलमान्वये मादक पेय तयार करणे तर गुन्हा आहेच, पण ते करण्याच्या हेतूने भांडी व साहित्य बाळगणे हाही गुन्हाच आहे. मडके तेच, सातू तोच. सरहद्द ओलांडली की गृहस्थाचा गुन्हेगार होतो. हौशी लोकांची गंमत म्हणून हा विषय सोडून द्यावा असे आम्हांस वाटत नाही. घराच्या उंबरठ्याच्या आत सरकारने किती यावे, हा जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रथम त्या भांड्यात घडते काय, हे पाहू. दळलेला मॉल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून, हॉप्स टाकून तासभर उकळावा लागतो. मग तो झटपट निववून त्यात यीस्ट घालतात. आठ-पंधरा दिवसांत साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू होतात. साधारण पाच टक्के मद्यार्काचे पेय हाती येते. यात अवघड असे दोनच भाग. भांडी निर्जंतुक हवीत, नाही तर सारे आंबट होऊन गटारात ओतावे लागते. आणि नेहमीच्या यीस्टला १८ ते २२ अंशांची शीतलता हवी, जी आमच्या किनाऱ्यावर वैशाखात बर्फाच्या पाण्यात डबा बुडवून ठेवल्याशिवाय मिळत नाही. बाटल्या भरताना साखर अधिक पडली तर त्या फुटतात. जिवाला धोका म्हणावा तो एवढाच. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये माणूस आंधळा करणारे मिथेनॉल बाधण्याइतके तयार होत नाही. इडलीचे पीठ आंबवणारी गृहिणी आणि हा हौशी माणूस यांच्या शास्त्रात फार अंतर नाही.

भट्टीची गोष्ट वेगळी. आंबवलेला रस तापवून, त्याची वाफ निववून जी गाळतात ती दारू कितीतरी पट तीव्र होते, तिच्यात आगीचा धोका असतो, आणि ती विकण्याचा मोहही तितकाच तीव्र असतो. आमच्या गोव्यात काजूचा रस आंबवून त्याची हुर्राक व फेणी गाळणारे भाटकार हे जाणतात. म्हणूनच त्यांच्या भट्टीला परवाना लागतो आणि काजूच्या क्षेत्रांचा लिलाव होतो. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबवणे आणि गाळणे हा भेद आमच्या खेड्यातील रेंदेरालाही ठाऊक आहे. कायद्याला मात्र तो अजून नीट उमगलेला नाही.

हा गोंधळ आजचा नाही. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा झाला आणि गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू सरकारमान्य मोठ्या कारखान्यांतून व मक्तेदारांमार्फत विकण्याची पद्धत रुजली. लोकांनी कमी प्यावे, ही त्यामागील खरी चिंता नव्हती. तिजोरी भरावी ही होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये जो करार झाला, त्याने गोवा व दमण येथील मिठावर आणि मद्यावरही मुंबईच्या धोरणाची छाया पडली. म्हणजे माडावर चढणारा आमचा रेंदेर आणि मोहाची फुले वेचणारा सुरतेचा आदिवासी एकाच वर्षी एकाच हिशेबाच्या वहीत नोंदले गेले. गोव्याने तो करार १८९२ मध्ये सुटताना पाहिला. गुजरातच्या वाट्याला वेगळा इतिहास आला.

पलसाणा त्या काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील तालुका होता. १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्हा व लगतच्या संस्थानी मुलखात एक आश्चर्य घडले. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात उगम पावलेली एक देवी डोंगर ओलांडून तिकडे पोहोचली. आदिवासी हजारोंनी जमले, देवी अंगात येणाऱ्यांच्या मुखातून आज्ञा झाली : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा. पिढ्यान्‌पिढ्या मोहाची दारू देवाला वाहणाऱ्यांनी आपणहून मडकी फोडली, आणि दारूच्या गुत्त्यांचे मक्तेदार हवालदिल झाले. कोणताही फौजदार न धाडता दारूबंदी आली. तिचा जोर सर्वत्र सारखा टिकला नाही हे खरे. पण ज्यांचे घर त्यांचीच शपथ, ज्यांचे मडके त्यांचाच हात, ही त्या चळवळीची थोरवी होती.

१९४९ च्या कायद्याने तोच हेतू पोलिसांच्या हाती दिला. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने बंधने क्रमाक्रमाने सैल केली. गुजरातने गांधीजींच्या जन्मभूमीचा मान म्हणून ती राखली, आणि २०१७ मध्ये शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढविली. त्यापूर्वीच विषारी दारूने मृत्यू घडविणाऱ्यास फाशीची तरतूद झाली होती. दारूबंदी असूनही जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात चाळिसाहून अधिक माणसे विषारी दारूने गेली. पलसाणा तालुका आज उसाचा आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांचा. कडोदरा-चलथाणच्या पट्ट्यात परप्रांतीय मजुरांची दाट वस्ती आहे. त्याच पट्ट्यातील वरेली गावच्या परिसरातून सप्टेंबर २०१६ मध्ये दारू प्यालेले मजूर दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. या मृत्यूंना घरच्या पातेल्यातील सातू कारण झालेला नाही. कारखान्यासाठी आणलेले मिथेनॉल चोरून दारूत मिसळणारा व्यापार कारण झाला. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत, जिथे दारूबंदी नाही, तिथेही शंभराहून अधिक माणसे त्याच विषाने गेली. तेव्हा हे दारूबंदीचेच पाप असे म्हणणेही अर्धसत्य ठरेल. गरिबाला स्वस्त व शुद्ध काही मिळत नाही आणि विषाच्या पिंपावर कोणाची नजर नाही, हे दोन्हीकडचे समान दुखणे आहे.

गंमत अशी की, ज्यांनी आम्हांला अबकारी शिकविली त्यांनी स्वतःचे घर केव्हाच मोकळे केले. इंग्लंडात ग्लॅडस्टनने १८८० मध्ये घरगुती बिअरसाठी परवाना सक्तीचा केला. १९६३ मध्ये तो रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करण्याची मुभा मिळाली. दोन्ही देशांत गाळण्याला मात्र आजही परवाना लागतो. आपल्याकडेही मध्य प्रदेशाने अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरापुरती दारू ठराविक मर्यादेत करण्याची सवलत दिलेली आहे. मर्यादा आखून मोकळीक देणे अशक्य नाही, हे यावरून दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे गोव्यातही कमी नाहीत, आणि त्या घरांत मार खाणारी बाई व उपाशी राहणारी मुले यांना मडक्याच्या स्वातंत्र्याचे कौतुक सांगणे निर्लज्जपणाचे ठरेल. घरात मद्य करणाऱ्याच्या मुलांना ते सहज हाती लागते, ही भीतीही खोटी नव्हे. आम्ही ती नाकारीत नाही. पण ज्या घरात पंधरा दिवस थांबून, तापमान मोजून, भांडी उकळून बिअर होते, त्या घराला बाटलीची घाई झालेली नसते. घाई असलेला माणूस गुत्त्यावर जातो, आणि गुत्ता चालविणाऱ्याला हे असे मडके कुठे आहे याची फिकीर नसते. त्याला फक्त हप्ता पोहोचतो की नाही हे पाहावयाचे असते. नागरिकाच्या स्वयंपाकघरावर पंचनामा करणे सोपे, विषाच्या टँकरमागे जाणे कठीण; म्हणून सोपे तेच पुष्कळदा होते.

आम्ही पलसाण्यातील कोणालाही कायदा मोडावयास सांगत नाही. ज्या राज्यात राहावे त्याचा कायदा पाळावा, आणि तो बदलावयाचा तर मतपेटीतून. आमची सूचना आमच्याच गोव्यापुरती आहे. १९६४ च्या गोवा अबकारी कायद्यात घरगुती उत्पादनाचा छोटासा अपवाद विधानसभेने स्पष्ट शब्दांत घालावा : फक्त आंबवलेले पेय, गाळणे नाही, घरापुरते माप, विक्रीस सक्त मनाई, आणि अठरा वर्षांखालील कोणाच्या हाती ते लागल्यास घरमालक जबाबदार. शासनाचे जे मनुष्यबळ यातून वाचेल ते मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब ठेवण्यास लावावे. तो हिशेब पक्का झाला, तर वरेलीसारखे प्रसंग गुजरातेतही टळतील, आणि त्याला दारूबंदी उठविण्याची गरज लागणार नाही.

१९२२ साली पलसाण्याच्या आसपास ज्यांनी मडकी फोडली, त्यांनी ती स्वतः फोडली म्हणून तो क्षण मोठा ठरला. घर स्वतःवर बंधन घालू शकते, एवढा विश्वास त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांनी मिळविला होता. शिकल्यासवरल्या समाजावर तेवढा विश्वास टाकावयास कायद्याला अजून किती वर्षे लागणार आहेत?