रोष खरा, नेम चुकीचा

गिरणगावात ज्यांच्या तीन पिढ्या नांदल्या, त्यांची मुले आज बदलापूर-विरारच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करतात. घर परवडत नाही म्हणून जन्मस्थान सोडावे लागते, ही व्यथा खरी आहे. ‘संकुचित प्रांतवाद’ म्हणून तिची संभावना करणे अन्यायाचे ठरेल. परंतु ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना मारहाण झाली, तेव्हा साचलेल्या रोषाचा नेम चुकला.

मुंबईतील घर मराठी माणसाच्या हातून कसे निसटले, याचे एक उत्तर गिरण्यांच्या जमिनीत आहे. १९८२ च्या संपानंतर लाखाहून अधिक कामगारांची रोजीरोटी कायमची गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासास निघणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीत महापालिका व म्हाडा यांना साधारण एकेक तृतीयांश वाटा दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. जेथे सामान्यांची घरे उभी राहू शकली असती, तेथे मॉल आणि टोलेजंग मनोरे उभे राहिले. हा निर्णय मंत्रालयात झाला. बिहारहून आलेल्या टॅक्सीचालकाने तो घेतला नव्हता. तो तर झोपडीचे भाडे भरतानाच मेटाकुटीस येतो.

येणाऱ्याने मराठी शिकावी, येथील समाजजीवनात मिसळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण घराचा जाब विचारायचा तो राज्यकर्त्यांना. देशबांधवावर हात उगारून गेलेली चाळ परत मिळत नाही.