हौस कोणाची, हिशेब कोणाचा?

हा विषय दिवाळी अंकात नको, असे मला दोघांनी बजाविले. एक माझे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, सणाचा अंक. घरात लहानथोर सगळे वाचतात." दुसऱ्या आमच्या नात्यातल्या एक वयस्क बाई. त्या म्हणाल्या, "ज्यांनी नसती हौस केली त्या निस्तरतील. आपण कशाला तोंड उघडा?" पहिल्या उपदेशाचे मला हसू आले. अंकाच्या मुखपृष्ठावर पदर ढळलेली सुंदरी चालते; आतल्या पानावर त्याच अवयवाच्या दुखण्याविषयी चार शब्द चालत नाहीत. ही आपली जुनीच शालीनता. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढणाऱ्या र. धों. कर्व्यांना तिने पुढे कोर्टात खेचले. आता ती नुसते नाक मुरडते, एवढीच काय ती प्रगती. दुसऱ्या उपदेशाचे मात्र हसू येत नाही. तो खोडून काढण्यासाठीच हा लेख.

मी डॉक्टर नव्हे. सदतीस वर्षे शाळेत गणित शिकविले. पण हिशेब चुकला की मला झोप येत नाही, आणि इथे तर हिशेबच ठेवलेला नाही.

माझ्या भाचीने २०१४ साली मुंबईत स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतली. का करून घेतली हे मी तिला विचारले नाही. वाचकांनीही विचारू नये. एवढेच सांगते की चौदाव्या वर्षापासून तिला 'फळी' म्हणणारी माणसे परकी नव्हती, आमच्या घरातलीच होती, आणि वर उल्लेखिलेल्या बाई त्यांत आघाडीवर होत्या. हौसेचे बी पेरायचे आपण, आणि पीक आले की शेत कोणाचे म्हणून विचारायचे!

गेल्या वर्षी तिची डावी बाजू एकाएकी सुजली. पुण्याच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी तीन साधे प्रश्न विचारले. आत बसविलेले इम्प्लांट कोणत्या कंपनीचे? त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत? क्रमांक काय? भाचीजवळ एक बिल होते. त्यावर 'पॅकेज' असा शब्द आणि एक रक्कम. आम्ही दोघी जुन्या पत्त्यावर गेलो, तर तिथे दातांचा दवाखाना. शस्त्रक्रिया करणाऱ्या गृहस्थांना फोनवर गाठले, तर ते म्हणाले, "इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही." भाची मला म्हणाली, "मावशी, माझ्या अंगात काय आहे ते मलाच ठाऊक नाही गं."

हे प्रश्न डॉक्टरीणबाईंनी चौकशीखातर विचारले नव्हते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती काही स्त्रियांना लिम्फोमा जातीचा एक दुर्मीळ कर्करोग होतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे; तो इम्प्लांटभोवती जमणाऱ्या पाण्यात व कवचात होतो, बहुधा शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी, आणि अचानक आलेली सूज हे त्याचे नेहमीचे लक्षण. वेळीच कळला तर इम्प्लांट व कवच काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली याविषयी पहिला इशारा दिला. जुलै २०१९ मध्ये, जगभरातले ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू समोर आल्यावर, अ‍ॅलर्गन कंपनीचे 'बायोसेल' जातीचे इम्प्लांट त्याने बाजारातून परत घ्यावयास लावले. आता सांगा, परत बोलाविलेली वस्तू आपल्या अंगात आहे की नाही हे जिला ठाऊक नाही, तिने वर्तमानपत्रात ती बातमी वाचून काय करावे?

"पण लाखो बायका सुखात आहेत," असे या धंद्यातले लोक म्हणतात. खरे आहे. कर्करोग दुर्मीळ आहे, हेही खरे. सिलिकोनमुळे साऱ्या शरीराचे रोग होतात असा पुरावा नाही, असा निर्वाळा १९९९ साली अमेरिकेच्या एका मोठ्या वैद्यकसमितीने दिला होता. मात्र त्याच समितीने असेही म्हटले की जागच्या जागी होणारे त्रास हीच खरी अडचण आहे. शरीर परक्या वस्तूभोवती कवच विणते. ते आवळले की छाती कडक होते, दुखते. इम्प्लांट फुटते, आणि सिलिकोनचे फुटले तर पुष्कळदा बाहेरून काहीच कळत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पाचसहा वर्षांनी आणि पुढे दर दोनतीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करावा, असा तिकडचा सल्ला आहे. पाच वर्षांनी तपास, पुढेमागे दुसरी शस्त्रक्रिया, हा खर्च 'पॅकेज'मध्ये कोणी मांडला होता? माझ्या भाचीला सांगितले होते, "आयुष्यभराची निश्चिंती." ही वस्तू आयुष्यभराची नसते, असे २०२१ पासून अमेरिकेत ठळक चौकटीत छापावे लागते, आणि धोक्यांची यादी वाचून दाखविल्याविना ती विकता येत नाही.

आणि हौस म्हणाल, तर ती मुळात कोणाची होती तेही पाहा. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी क्रोनिन आणि गेरो या दोन सर्जनांनी पहिले सिलिकोन इम्प्लांट एका बाईला बसविले. ती बाई छातीवरचे गोंदण काढून घ्यायला आली होती. इम्प्लांटची गोष्ट डॉक्टरांनी काढली. तिला स्वतःला कान नीट करून हवे होते! पुढे १९७६ साली तिकडे उपकरणांचा कायदा झाला, तेव्हा आधीपासून विकली जाणारी वस्तू म्हणून इम्प्लांट विनापुरावा चालू राहिले. सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे म्हणून सरकारने विक्रीला आवर घातला तो १९९२ साली. मधली तीस वर्षे प्रयोग चालला होता, फक्त ज्यांच्यावर चालला त्या पैसे भरीत होत्या.

फ्रान्समध्ये तर सरळ लबाडीच झाली. 'पी.आय.पी.' नावाच्या कंपनीने वैद्यकीय सिलिकोनऐवजी कारखान्यातले स्वस्त सिलिकोन भरले. २०१० साली ते उघडकीस येईपर्यंत सुमारे तीन लाख स्त्रियांच्या अंगात ते गेले होते. मालक झां-क्लोद मास याला २०१३ साली चार वर्षांची कैद झाली. यात बायकांची हौस कुठे आली? स्तनाच्या कर्करोगात स्तन गमावलेल्या बाईलाही हेच इम्प्लांट बसवितात. तिचे फुटले तर तीही हौसच का?

आमच्या शेजारच्या काकांना पेसमेकर बसविला, तेव्हा त्यांना एक कार्ड मिळाले: कंपनी, क्रमांक, तारीख. काका ते पाकिटात गणपतीच्या तसबिरीजवळ ठेवतात. मिक्सर घेतला तर वॉरंटी कार्डावर दुकानदार शिक्का मारतो. स्कूटरला चासी नंबर असतो. मग बाईच्या छातीत बसविलेली वस्तूच तेवढी बेवारशी का? कारण उघड आहे. काकांचा पेसमेकर चारचौघांत सांगण्याजोगा आहे, आणि हिची गोष्ट लपविण्याजोगी. जी वस्तू लपवूनच ठेवायची, तिची पावती मागायला बाई धजत नाही, आणि हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. आपल्या नाक मुरडण्याचा नफा त्याच्या गल्ल्यात जमा होतो. 'हौस केली, भोगा' म्हणणारे सोवळे लोक आणि 'काही होत नाही हो' म्हणणारा सर्जन परस्परांचे विरोधक दिसतात. पण ते भागीदार आहेत.

आपल्याकडे कायदाच नाही असे नाही. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी योजना २०१५ पासून आहे; तिचे काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे चालते. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. पण नोंदवही कितीही चांगली असली तरी, तोंड उघडायला लाजणाऱ्या बाईचे नाव तीत आपोआप चढत नाही.

म्हणून माझे मागणे साधे आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने कंपनी, जात, क्रमांक आणि तारीख लिहिलेले कार्ड बाईच्या हाती दिलेच पाहिजे. धोके तिला तिच्या भाषेत, आधी, लेखी सांगितले पाहिजेत, आणि विचार करायला सवड दिली पाहिजे. दवाखाना बंद झाला तरी कागद कोणाकडे राहतील हे ठरलेले असले पाहिजे. आणि घरातल्या माणसांनी तिला काय बोलायचे नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

भाचीच्या पाण्याच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. डावे इम्प्लांट मात्र फुटलेले होते, दोन्ही काढली. काढल्यावर मागच्या बाजूस उठविलेली अक्षरे डॉक्टरीणबाईंनी आम्हांला दाखविली: कंपनीचे नाव आणि क्रमांक. दहा वर्षे ज्या उत्तरासाठी एक कागद पुरला असता, ते वाचण्यासाठी पोरीला पुन्हा कापावे लागले. मी ती अक्षरे वहीत उतरवून घेतली. ज्यांनी हे करून घेतले असेल त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांकडे जाऊन कार्ड मागावे. नाही म्हणाले तर लेखी नकार मागावा. लाजू नये, लाजायचे असेल तर ते द्यायला विसरणाऱ्यांनी लाजावे.