वर्तणुकीचा नवा दाखला

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला 'चांगली' हाच शब्द येतो. आता नोकरी देणारे आणखी एक दाखला पाहू लागले आहेत. अर्जावरचं नाव फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइनवर शोधायचं आणि मुलगी 'कशी आहे' ते ठरवायचं. म्हणून विद्यार्थिनींना सल्ला मिळतो : फोटो टाकू नका, मतं मांडू नका, जुनं सगळं पुसून टाका. मुलग्याला हे सांगितलं जातं तेव्हा त्याचा अर्थ 'जपून वाग' एवढाच असतो. मुलीसाठी मात्र तो उंबऱ्याच्या आत राहण्याचा जुनाच हुकूम ठरतो, असं माझं मत आहे.

मी श्रीपूरला राहते. माळशिरस तालुक्यातलं हे साखर कारखान्याचं गाव. इथल्या मुली अकलूज, पंढरपूरला शिकतात आणि नोकरीसाठी पुण्याकडे पाहतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. खातं मुलीच्या नावाचं, पण मोबाईल नंबर भावाचा. अर्जासाठीचा ई-मेल फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराने काढलेला, पासवर्डही त्याच्याच वहीत. मुलाखतीचं बोलावणं आधी भाऊ वाचणार, जायचं की नाही ते घर ठरवणार. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 38 टक्के, तर पुरुष 61.5 टक्के आढळले. 'तुझी प्रतिमा सांभाळ' असं जिला सांगायचं, तिच्या हातात आधी किल्ली तरी द्या!

बरं, पुसून टाकल्याने तरी मुलगी सुरक्षित होते का? मे 2025 मध्ये पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या 19 वर्षांच्या विद्यार्थिनीने 'ऑपरेशन सिंदूर'बद्दलचा दुसऱ्याचा मजकूर इन्स्टाग्रामवर टाकला. थोड्याच वेळात तो काढून तिने माफीही मागितली. तरीही कॉलेजने तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका करताना सरकार आणि कॉलेज दोघांनाही फटकारलं आणि तिला परीक्षा देता यावी म्हणून कॉलेजचा आदेश स्थगित केला. त्याआधी 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने फेसबुकवर मत लिहिलं होतं, दुसरीने ते नुसतं 'लाइक' केलं होतं. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ रद्द झालं. मुलींची सुटका झाली ती कुणीतरी न्यायालयात जाऊन भांडल्यामुळे.

मग मुलींनी करायचं काय? नाहीसं व्हायचं नाही. ई-मेल, नंबर आणि पासवर्ड स्वतःचे असू द्या. नोकरीसाठीच्या खात्यावर शिक्षण, प्रोजेक्ट, केलेलं काम मोकळेपणाने लिहा. जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन नंबर उघडे ठेवू नका. मैत्रिणींसाठीचं खातं वेगळं आणि कुलूपबंद ठेवा. अधूनमधून स्वतःचं नाव शोधून पाहा. लग्नानंतर आडनाव बदललंच, तर पदवीवरचं नावही सोबत लिहा, नाहीतर आधीच्या कामाचा धागा तुटतो. कुणी खोटं खातं काढलं, फोटोत फेरफार केला, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. अशा वेळी घरचे मुलीचाच फोन काढून घेतात. तिथे आपण आडवं उभं राहायला हवं.

पण सगळा भार मुलींवर टाकून चालणार नाही. प्रत्येक महिला मंडळाने आपल्या भागातल्या कॉलेजला विचारावं : नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्या मुलींची खाती तपासतात का, आणि त्यात काय शोधतात? हिशेब येतो का, यंत्र चालवता येतं का, हे जरूर पाहावं. ती जीन्स घालते का, तिचे मित्र कोण, ती मोर्चाला गेली होती का, याचा जाब विचारण्याचा अधिकार कुठल्याही मालकाला नाही.