झाडू धरायला शिकवता, हक्क मागायला कधी शिकवणार?

वर्धा शहराजवळच्या सेवाग्रामात १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. या वैद्यकीय महाविद्यालयाची एक परंपरा आहे. एमबीबीएसला प्रवेश घेतलेली नवी तुकडी सुरुवातीला पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात राहते. प्रार्थना, सूतकताई, सफाई, श्रमदान, शाकाहारी जेवण आणि अंगावर खादी. पुढे त्याच तुकडीला एक गाव दत्तक दिले जाते आणि विद्यार्थी तिथे शिबिरासाठी मुक्काम करतात. आज देशभर ‘ओरिएंटेशन’, ‘इंडक्शन’ म्हणून जे चालते, ते सेवाग्रामात कितीतरी आधीपासून चालू आहे.

या शिबिराची टिंगल करण्यासाठी आम्ही लिहीत नाही. डॉक्टर बापाचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एका पंगतीत जेवतात, सारखेच कपडे घालतात, आपले ताट आपण घासतात, हे थोडे नाही. ज्या पोराने घरी कधी पाण्याचा पेला उचलला नाही, त्याच्या हाती झाडू येणे चांगलेच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे शिबिर कोणता विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून आखले आहे?

उत्तर उघड आहे. ज्याने श्रम केलेले नाहीत, त्याला श्रमाची ओळख व्हावी म्हणून ते आहे. पण आईबरोबर कापूस वेचून, निंदणाला जाऊन, त्या मजुरीतून फॉर्मची फी भरून जो इथवर आला, त्याला श्रमदान काय शिकवणार? ज्याच्या आजोबांनी पोटासाठी गावाची घाण उचलली, त्याला सफाईचा संस्कार कोणत्या तोंडाने देणार? एकासाठी ती पंधरा दिवसांची साधना असते, दुसऱ्यासाठी पिढ्यान् पिढ्यांची सक्ती होती. बाबासाहेबांनी ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या १९४५ च्या ग्रंथात सफाईकामाच्या उदात्तीकरणावर घणाघाती टीका केली, ती याच कारणाने. झाडू सगळ्यांच्या हाती दिला म्हणजे जात गेली, असे होत नाही. पंधरा दिवसांनी एक जण झाडू ठेवून देतो आणि विसरतो. दुसऱ्याला त्याचे आडनाव ते विसरू देत नाही.

हा प्रश्न एकट्या सेवाग्रामचा नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आणला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सर्व विद्याशाखांसाठी मार्गदर्शिका काढली आणि तिला नाव दिले ‘दीक्षारंभ’. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नागपूर-वर्ध्याच्या मातीत ‘दीक्षा’ या शब्दाला काय अर्थ आहे, हे कुणाला सांगायला नको. आमच्या दीक्षेत मान वर करण्याची प्रतिज्ञा होती. या दीक्षारंभात योगासने, कलाविष्कार, मान्यवरांची व्याख्याने, परिसरातील सहली आणि ‘सार्वत्रिक मानवी मूल्ये’ आहेत. मूल्ये शिकवा, जरूर शिकवा. पण स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मूल्ये संविधानाच्या उद्देशिकेत असताना ती सोडून दुसरीकडे शोधायला कशाला जायचे?

या सगळ्या कार्यक्रमांच्या मुळाशी एक गृहीतक आहे. महाविद्यालय ठीकठाक आहे, नवा विद्यार्थी तेवढा कच्चा आहे. म्हणून त्याने जुळवून घ्यायचे. त्याने इथली भाषा, इथल्या रीती, इथले खाणेपिणे शिकायचे. महाविद्यालयाने मात्र त्याच्याबद्दल काहीच शिकायचे नाही. आम्हाला हे गृहीतकच मान्य नाही.

समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातल्या खेड्यातून, घरातली पहिलीच कॉलेजला जाणारी मुलगी वर्ध्याला येते तेव्हा पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे काय असते? वसतिगृहाचा पत्ता नाही. वर्गात शिक्षक इंग्रजीत बोलतात. ऑफिसच्या खिडकीवरचा बाबू ‘उद्या या’ म्हणतो. आणि नवे सोबती दोनच प्रश्न विचारतात: ‘पूर्ण नाव काय?’ आणि ‘किती मार्क?’ या दोन प्रश्नांतून तिची जात आणि तिचा कोटा दोन्ही काढले जातात. स्वागतसमारंभातल्या गुलाबाच्या फुलाने याचे उत्तर मिळत नाही.

हे प्रश्न किरकोळ नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या दर्शन सोळंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याला प्रवेश घेऊन वर्षही झाले नव्हते. त्यानंतर काही महिन्यांनी संस्थेने सूचना काढली की, विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेतला क्रमांक विचारू नये, कारण त्यामागे जात जाणून घेण्याचा हेतू असू शकतो. म्हणजे जे आमची पोरे वर्षानुवर्षे सांगत होती, ते कागदावर यायला २०२३ साल उजाडावे लागले.

आता नियम बघा. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. आज प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक दोघांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात, भिंतीवर फलक लावतात, ओरिएंटेशनमध्ये भाषणही होते. उत्तम. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समतेचे नियमही आहेत. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारीसाठी अधिकारी हवा. वर्गात जात जाहीर करणे, ‘राखीववाला’ म्हणून शिक्का मारणे, वसतिगृहात किंवा खाणावळीत वेगळे काढणे, हे सगळे त्या नियमांत भेदभाव म्हणून नोंदलेले आहे. किती ओरिएंटेशनमध्ये त्या अधिकाऱ्याला व्यासपीठावर उभे करून त्याचा फोन नंबर सांगतात? रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आयांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाऊन हेच मागावे लागले की, जे नियम आहेत ते निदान पाळा.

दुसरी गोष्ट पैशाची. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे आणि तिच्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा आहे. आज तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता, आधारशी जोडलेले बँक खाते. एक कागद कमी पडला की अर्ज परत. तो पुढे पाठवण्याचे काम कॉलेजचे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्यातून वर्षाला ४३,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. एवढ्या रकमेवर एखादीचे शिक्षण टिकते किंवा सुटते. ही माहिती नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात आणि योगासने मंचावर, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी या कामाचा क्रम स्वतःच्या हयातीत घालून दिला होता. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात वसतिगृह काढले. पोराला आधी छप्पर, भाकर आणि पुस्तक द्यायचे. मग त्याच्याकडून अभ्यासाची अपेक्षा करायची. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादेत मिलिंद. विद्यार्थी कुठून येतो हे ओळखून उभ्या केलेल्या या संस्था होत्या.

म्हणून महाविद्यालयांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. ओरिएंटेशनच्या पहिल्या दिवशी २०१२ चे नियम मराठीत वाचून दाखवा आणि जबाबदार अधिकाऱ्याची ओळख करून द्या. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे अर्ज त्याच आठवड्यात, त्याच सभागृहात भरून घ्या. आणि प्राध्यापक, कारकून, वसतिगृहाचे अधीक्षक यांचेही ओरिएंटेशन करा. जात त्यांच्याही टेबलावर बसलेली असते. सेवाग्रामसारख्या ठिकाणी दत्तक गावात जाणाऱ्या तुकडीला एवढे तरी विचारायला लावा: या गावात बौद्धवाडा कुठे आहे आणि तो गावाबाहेरच का आहे?

पण नुसत्या मागण्या करून आपण घरी बसायचे का? मित्रांनो, वर्धा जिल्ह्यात गावोगावी विहारे आहेत. तिथे आपण जयंती करतो, वर्षावासात ग्रंथवाचन करतो. जून-जुलैच्या दोन रविवारी तिथेच बारावी झालेल्या पोरापोरींना बोलवा. दाखले तपासा. ज्यांनी अर्ज भरले आहेत अशा मोठ्या मुलामुलींना त्यांच्याशेजारी बसवा. कुठल्या कॉलेजात आपली कोण मुले आहेत, त्यांचे नंबर द्या, म्हणजे नवी मुलगी पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये एकटी बसणार नाही. आडनाव विचारले तर काय बोलायचे आणि अपमान झाला तर तक्रार कुणाकडे, कशी लिहायची, हेही तिथेच शिकवा. याला ना अनुदान लागते, ना परवानगी. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे आपण भिंतीवर लिहिले आहे. संघटित होण्याची पाळी शेवटच्या वर्षाला नव्हे, प्रवेशाच्या रांगेतच येते.

जय भीम!