डोक्याशी कोण बसणार आहे?

ऑपरेशन ठरलं की आपल्या लोकांचे प्रश्नही ठरलेले असतात. सर्जन कोण? मेडिक्लेम चालतो ना? डबा कोण आणणार? पण पेशंटच्या डोक्याशी बसून त्याचा श्वास सांभाळणार कोण, हे कुणी विचारत नाही. इंदूरच्या ऑपरेशन थिएटरांत मी सिस्टर म्हणून ३१ वर्षं काढली, हा प्रश्न विचारणारे नातेवाईक बोटांवर मोजण्याइतके भेटले. 'बेहोशीवाले डॉक्टर' आपल्याला आठवतात ते बिल हातात आल्यावर.

परवा आमच्या रामबागेच्या ग्रुपवर वाद झाला. कुणाची तरी भाची अमेरिकेत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे. एक काका लगेच म्हणाले, "नर्स भूल देते? म्हणजे पेशंट रामभरोसे!"

काका, तसं नाही. अमेरिकेत नर्सेस शंभराहून जास्त वर्षं भूल देत आल्या आहेत. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉ या नर्सने १९०६ मध्ये आपल्या चौदा हजारांवर भुलींचा हिशेब छापला, त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. आज तिथे आधी नर्सिंगची पदवी, मग आयसीयूचा अनुभव आणि त्यावर तीनेक वर्षांचं डॉक्टरेटचं शिक्षण लागतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्यांनी काम करावं की नाही, यावर तिकडेही भांडण आहेच. पण तिथे खुर्चीवर कोण बसलंय हे कागदावर स्पष्ट असतं.

आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरांचंच काम, आणि ते बरोबरच आहे. पण डॉक्टर कमी आहेत. म्हणून तर सिझेरियनसाठी सरकारला एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण द्यावं लागलं. आणि शहरात? एका नर्सिंग होममध्ये (नाव नको) मी पाहिलंय: भूलतज्ज्ञ एक, टेबलं दोन. इथे भूल देऊन ते पलीकडे जात, मागे राहायचा टेक्निशियन पोरगा. हुशार होता, पण शिकला होता तो बघून-बघून. म्हणजे डॉक्टर सोडून दुसऱ्याच्या हाती भूल आपल्याकडेही आहेच की! फक्त शिक्षण आणि जबाबदारी वजा.

आता कुणी म्हणेल, डिग्रीवाला डॉक्टर बसला की झालं. तेवढ्यानेही होत नाही. मे २०१६ मध्ये आपल्याच एमवाय हॉस्पिटलात काय झालं ते आठवा. नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये पाइपलाइनची जोडणी उलटी झाली, ऑक्सिजनच्या जागी नायट्रस ऑक्साइड गेला आणि दोन लहान मुलं गेली. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल ते, तिथे काय डिग्र्यांची कमी? वायू दिसत नाही. मशिनवरचा फ्लोमीटर काहीतरी वाहतंय एवढंच सांगतो, काय वाहतंय ते ऑक्सिजन अ‍ॅनलायझर सांगतो. नवी लाइन पेशंटला जोडण्याआधी प्रत्येक तोंडाशी तो लावून बघायचा, काम काही मिनिटांचं.

म्हणून माझं मत असं, की 'डॉक्टर की नर्स' हा वाद दुय्यम आहे. शिकलेला माणूस, चालू मॉनिटर आणि पेशंट जागा होईपर्यंत न सोडलेली खुर्ची, या तिन्हींतलं एकही कमी चालणार नाही. २०२१ च्या कायद्याने भूल आणि ऑपरेशन थिएटरमधल्या तंत्रज्ञांच्या शिक्षणाची आणि नोंदणीची सोय केली आहे. ती कागदावर राहू नये. भूलतज्ज्ञाच्या मदतीला शिकलेले, नोंदणी झालेले हात हवेत. त्याच्या जागी नकोत.

आणि आपण? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटायचं. दमा, बीपी, चालू गोळ्या, कवळी, हलणारा दात, सगळं सांगायचं. उपास सांगितला तर चहाचा घोटही नाही, "एवढ्याने काय होतंय" करायचं नाही. आणि हात जोडून पण स्पष्ट विचारायचं: "डॉक्टरसाहेब, शेवटपर्यंत तुम्हीच थांबणार ना?"

चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येईल, त्याच्या टेबलावर आपलं माणूस द्यायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.