टॉवरला विरोध करायचा, तर मुद्दा कोणता?

गावात मोबाईलचा टॉवर येणार म्हटले की दोन तट पडलेच म्हणून समजा. ज्याच्या गटात खड्डे खोदले तो खुशीत, आणि ज्यांची घरे शेजारी ते निवेदन घेऊन ग्रामपंचायतीत. निवेदनातले पहिलेच वाक्य ठरलेले असते: किरणांमुळे कॅन्सर होतो, सबब काम बंद करावे. मग ठराव होतो आणि काम थांबते. पण असा ठराव कोर्टात टिकतो का, हे कोणी बघत नाही.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या चिखलहोळचे उदाहरण घ्या. ग्रामपंचायतीने आधी परवानगी दिली, नंतर रहिवाशांच्या तक्रारी आल्यावर ठराव करून काम थांबवले. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. टॉवरच्या लहरी आरोग्याला घातक आहेत असे दाखवणारा शास्त्रीय पुरावा नाही, असे सांगून न्यायालयाने २०२२ मध्ये ठराव रद्द केला. उलट बाजूने ग्वाल्हेरचा दाखला दिला जातो. तिथे एका घरकामगाराच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये टॉवर बंद करायला लावला होता. पण तो त्या एका प्रकरणातला आदेश. त्याच्या भरवशावर गावाने वकिलाची फी भरत बसावे, असे मला वाटत नाही.

आता किरणांचे म्हणाल तर आपल्या लासलगावला ते नवे नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प इथेच आहे. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखतात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला आंबा गेला तोही इथून प्रक्रिया होऊन. ते किरण पेशीच्या आतली मोडतोड करू शकतात, म्हणून तर जाड काँक्रीटच्या भिंतीआड ठेवलेले असतात. टॉवरच्या लहरींची जातकुळी वेगळी. त्या रेडिओ-टीव्हीच्या भावकीतल्या. पेशीतली जोडणी तोडण्याइतका जोर त्यांच्यात नाही. फार तीव्र असल्या तर ऊब निर्माण करतात, इतकेच. दोन्हींना आपण ‘रेडिएशन’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

म्हणून काळजीच नको, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. पुरावा तोकडा आहे पण शंका फिटलेली नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. अँटेनाच्या अगदी समोर, त्याच उंचीवर इमारत असेल तर किती अंतर हवे, तेही तेव्हा सांगितले: एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५. लहरींचा झोत आडवा जातो, त्यामुळे टॉवरच्या बुडाशी दिव्याखाली अंधार असतो. शिवाय टॉवर लांब असला तर हातातला फोनच जास्त जोर लावतो, आणि तो असतो कानाला.

२०२१ पासून ई-पीक पाहणी फोनवर आली. बांधावर रेंज नसेल तर ओटीपीसाठी टेकाडावर चढणारे आपणच आहोत ना? बाजार समितीचा भावही फोनवरच बघतो.

मग भांडायचे कशावर? डिझेल जनरेटरचा रात्रभरचा आवाज आणि धूर, वादळात मनोरा कलला तर खाली कोणाचे छप्पर आहे, पायाची मजबुती तपासल्याचा दाखला कोणाच्या सहीचा, विजेपासून संरक्षण आहे का, वहिवाटीचा रस्ता अडतो का, हे विचारा. आणि विचारा ते परवानगीच्या आधी. चिखलहोळला आधी होकार आणि मागून नकार, असे झाले. १ जानेवारी २०२५ पासून नवे मार्गाधिकार नियम लागू आहेत. सार्वजनिक जागेसाठी अर्ज आला तर त्यांत मुदत बांधून दिली आहे आणि नाकारायचे तर कारण लेखी द्यावे लागते. तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कागद फायलीत दाबून ठेवण्यात अर्थ नाही. अर्ज आला की शेजारच्या घरांना बोलवावे, नकाशा समोर पसरावा. गावाबाहेरचा दुसरा गट दाखवला तर जागा हलवता येते का, हे कंपनीला लेखी विचारावे. काम सुरू झाल्यावर मात्र हे जड जाते.

जागा देणाऱ्यांना एक वेगळीच सूचना. ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, लाखोंचे डिपॉझिट देतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला तर तो भामट्याचा समजा. जागा भाड्याने घेण्याच्या व्यवहारात दूरसंचार विभाग किंवा ट्राय कुठेच नसतात आणि त्यासाठी कसली फीही घेत नाहीत. खरी कंपनी भाडे देते, मागत नाही. करारात मुदत, भाडेवाढ आणि मनोरा काढून नेण्याची जबाबदारी वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका.

आणि टॉवर उभा राहिलाच, मनात शंका राहिलीच, तर मोजून घ्या. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाची सोय काढली. त्यात ४,००० रुपये फी भरून आपल्या घराजवळच्या लहरींची मोजणी मागता येते, असे तेव्हा ठरले. दहा घरांनी वर्गणी काढली तर घरटी चारशे रुपये पडतात.